पूलमध्ये कोणीच नाहीये

निळंशार आभाळ, पामची झाडं, एक स्विमिंग पूल, काठावर छत्री. जुन्या जपानी पॉपच्या नादाला लागलेल्या प्रत्येकाने हे कव्हर कधी ना कधी बघितलेलं असतं. एइची ओताकीचा 'अ लाँग व्हेकेशन', २१ मार्च १९८१ ला आलेला अल्बम, चित्र हिरोशी नागाईचं. माझ्या लॅपटॉपवर चार वर्षं हाच वॉलपेपर होता, रोज सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून मी ह्याच पूलकडे बघत कामाला सुरुवात करायचे, आणि तरी एक साधी गोष्ट लक्षात यायला मला एवढा वेळ लागला की ह्या चित्रात माणूसच नाहीये. मग नागाईची बाकीची चित्रं काढून बघितली. पूल आहे, गाडी आहे, हॉटेल आहे, समुद्र आहे, आणि बहुतेक ठिकाणी पोहणारं कोणी नाही. एवढा छान उन्हाळा सोडून सगळे गेले कुठे?

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझ्याकडे जपानी शिकायला येणारी पोरं. मी पुण्यात राहते, मशीनच्या मॅन्युअल्सची भाषांतरं करते आणि शनिवार-रविवार घरी चारपाच जणांची बॅच घेते. दहा वर्षांपूर्वी मुलं यायची ती नोकरीसाठी, आता निम्मी येतात ती अॅनिमे आणि ही गाणी ऐकून. परवा त्यातलाच एक बावीस वर्षांचा मुलगा अगदी मनापासून म्हणाला, मॅडम, चुकीच्या वेळी चुकीच्या देशात जन्मलो, ऐंशीच्या दशकात जपानमध्ये असायला पाहिजे होतं, काय उन्हाळे असतील तेव्हाचे! त्यावर माझा भाऊ, जो सोफ्यावर पेपर वाचत होता आणि ज्याला कोणी विचारलं नव्हतं, म्हणाला, अरे तुझे वडील तेव्हा चड्डीत होते, तुला कसली आठवण येतेय, ही सगळी उसनी आठवण आहे, कंपन्या विकतात आणि तुम्ही घेता.

हे भांडण फक्त माझ्या हॉलमधलं नाही. जपानमध्येही 'शोवा रेट्रो'ची, म्हणजे १९८९ ला संपलेल्या शोवा काळाच्या आठवणींची, लाट आहे, तोकोरोझावाचं एक जुनं अॅम्युझमेंट पार्क २०२१ साली चक्क १९६० च्या दशकातल्या बाजारपेठेसारखं सजवून पुन्हा उघडलं, आणि एकीकडे 'तेव्हाचा जपान काय छान होता' म्हणणारे तर दुसरीकडे 'तुम्ही तेव्हा नव्हतात, गप्प बसा' म्हणणारे असे दोन पक्ष पडलेत. मला दोघांचंही चुकतंय असं वाटतं, आणि गंमत म्हणजे दोघांची चूक एकच आहे. दोघांनीही धरून चाललंय की तो उन्हाळा खरंच होता.

आधी शब्दाचा घोळ निस्तरते, कारण 'नात्सु'चं भाषांतर उन्हाळा असं केलं की मराठी वाचक लगेच एप्रिल-मेमध्ये जाऊन बसतो, कैरी, वाळा, दुपारी सामसूम. जपानचं तसं नाही. तिथे जूनमध्ये पावसाळा लागतो, त्सुयु म्हणतात त्याला, भिंतींना बुरशी येईल इतकं दमट होतं, आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला तो संपला की मग लख्ख ऊन, शाळांना सुट्टी, समुद्र, फटाके, सिकाडांचा किर्र आवाज, आणि ऑगस्ट संपला की खेळ खल्लास. आपला उन्हाळा पावसाने संपतो, त्यांचा पाऊस संपल्यावर सुरू होतो. आपण उन्हाळा कधी एकदाचा जातो म्हणून दिवस मोजतो, ते येण्याची वाट बघतात आणि आला की लगेच जाणार म्हणून हळहळायला लागतात. चाळीसेक दिवसांची चैन. त्यामुळे गाण्यांमध्ये ऊन कमी आणि संध्याकाळ जास्त.

आता तारखा बघा. तात्सुरो यामाशिताचा 'फॉर यू', जो आज जगभर उन्हाळी अल्बमांचा राजा म्हणून ऐकला जातो, आला २१ जानेवारी १९८२ ला. जानेवारी! तोक्योत तेव्हा माणसं कोतात्सुखाली, म्हणजे हीटर लावलेल्या बुटक्या टेबलाखाली, पाय घालून संत्री सोलत बसलेली असतात. अन्री ह्या गायिकेचा 'टाइमली!!', ज्यात अगदी नावातच समर असलेलं गाणं आहे, तो डिसेंबर १९८३ चा. ओताकीचा मार्चमधला, चेरीसुद्धा नीट फुलायच्या आधीचा. आणि त्या अल्बमचं शेवटचं गाणं माहितीये कशावर आहे? सायबेरियन रेल्वेवर. नऊ गाणी पूलच्या काठावर बसवून दहाव्या गाण्यात हा माणूस तुम्हाला बर्फात नेऊन सोडतो.

ओताकी स्वतः इवातेचा. उत्तर-पूर्वेचा थंड प्रदेश, हिवाळ्यात नुसता बर्फ. समुद्रकिनारी गिटार घेऊन वाढलेला वगैरे अजिबात नाही, लहानपणापासून रेडिओवर अमेरिकन गाणी ऐकून वेडा झालेला मुलगा. त्याने फिल स्पेक्टरची पद्धत उचलली, म्हणजे स्टुडिओत एकाच वेळी ढीगभर वादक बसवायचे, अनेक गिटारी, अनेक पियानो, सगळे एकदम वाजवतात, आणि त्या आवाजाची अशी एक भिंत तयार होते की एकेक वाद्य वेगळं ऐकूच येत नाही. हेडफोन लावून ऐका, ते जे ऊन पसरल्यासारखं वाटतं ना, ते बंद खोलीत, खिडकी नसलेल्या स्टुडिओत, पंधरावीस घामेजलेल्या माणसांनी मिळून केलेलं ऊन आहे.

आणि शब्द, एखादं गाणं सोडलं तर, ताकाशी मात्सुमोतोचे. ह्या माणसाबद्दल थोडं थांबून बोलायला पाहिजे कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यावरच उभं आहे. मात्सुमोतो आणि ओताकी आधी 'हाप्पी एन्डो' नावाच्या बँडमध्ये होते, हारुओमी होसोनो आणि शिगेरू सुझुकी ह्यांच्याबरोबर. १९७१ साली त्यांनी 'काझेमाची रोमान' केला, काझेमाची म्हणजे वाऱ्याचं गाव. हे गाव नकाशावर नाही. मात्सुमोतो वाढला आओयामात, आणि १९६४ च्या ऑलिम्पिकसाठी तोक्योत जे रस्ते रुंद केले त्यात त्याचं राहतं घर गेलं. तर त्याने आपल्या आठवणीतला आओयामा, शिबुया, आझाबू असा सगळा भाग जोडून एक कल्पनेतलं गाव बसवलं आणि पुढे सगळी गाणी तिथूनच लिहिली. म्हणजे मूळच बघा, जिथे राहिलो ते पाडलं, म्हणून जे नव्हतं ते बांधलं.

मग १९८० मध्ये ओताकीने त्याला ह्या नव्या अल्बमची गाणी लिहायला सांगितली. अल्बम त्याच वर्षी जुलैत यायचा होता, अगदी उन्हाळ्यात. पण मात्सुमोतोची धाकटी बहीण, जिला लहानपणापासून हृदयाचा त्रास होता, ती त्याच काळात गेली. त्याने ओताकीला सांगितलं, मला जमणार नाही, दुसरा कोणी बघ. ओताकी म्हणाला थांबतो, आणि अल्बम पुढे ढकलला. मात्सुमोतोने नंतर सांगितलंय की त्या दिवसांत रस्त्यावरून चालताना त्याला सगळं रंग उडालेलं दिसायचं. त्यातून अल्बमचं पहिलं गाणं आलं, ज्यात आठवणी ब्लॅक अँड व्हाइट आहेत आणि तो कोणाला तरी रंग भर म्हणून विनवतोय.

त्या गाण्याचं नाव 'किमी वा तेन्नेन्शोकु'. मुलांना मी हे भाषांतराला देते आणि सगळे हमखास लिहितात 'तू नैसर्गिक रंगांची आहेस'. डिक्शनरीप्रमाणे बरोबर, आणि साफ चूक. तेन्नेन्शोकु हा शब्द जुन्या जपानी सिनेमाच्या पोस्टरवर यायचा, रंगीत पिक्चर आहे हे ठणकावून सांगण्यासाठी. आपल्याकडे कसं पोस्टरच्या कोपऱ्यात तिरक्या अक्षरात 'ईस्टमनकलर' लिहायचे, तसं. म्हणजे तो म्हणतोय, माझा सगळा पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट, फक्त तू ईस्टमनकलर! हे सांगितल्यावर वर्गात आधी हशा पिकला, आणि मग बहिणीची गोष्ट सांगितली तेव्हा तो बावीस वर्षांचा मुलगा म्हणाला, पण मॅडम, चाल तर इतकी आनंदी आहे. हो ना. तेच तर.

तर कोणी हा अल्बम पुढे करून 'बघा तेव्हा लोक किती सुखात होते' म्हणालं की मला हसावं की रडावं कळत नाही. जो उन्हाळा ऐकून तुम्हाला तिथे जावंसं वाटतंय तो लिहिणारा त्या उन्हाळ्यात दुःखाने बधिर होऊन तोक्योत फिरत होता.

बरं, हा झाला एका माणसाचा खाजगी भाग. बाकीच्यांचं काय? नावच घ्या ना, 'लाँग व्हेकेशन'. लांबलचक सुट्टी. १९८१ च्या जपानमध्ये कायद्याने आठवडा ४८ तासांचा होता. ४० तासांचं उद्दिष्ट कायद्यात घालणारी दुरुस्ती १९८७ ची, अमलात आली १९८८ च्या एप्रिलमध्ये, आणि पूर्ण उतरायला नव्वदचं दशक अर्धं गेलं. शनिवारी ऑफिस, शनिवारी शाळा. सरकारी कचेऱ्यांना दोन दिवसांची सुट्टी मिळाली १९९२ साली. वर्षाला सरासरी दोन हजारांच्या वर तास काम. १९८८ मध्ये तर वकिलांनी कारोशीसाठी, म्हणजे काम करकरून मेलेल्यांच्या घरच्यांसाठी, फोन हेल्पलाइन सुरू केली. अशा देशात कोणी 'लांब सुट्टी' नावाचा अल्बम काढतो आणि तो दहा लाखांच्या वर विकला जातो तेव्हा तो सुट्टीचा फोटो नसतो, सुट्टीचा अर्ज असतो.

मी २०१८ मध्ये कामासाठी दीड वर्ष कानागावात होते. ऑफिसात निवृत्तीला आलेले एक गृहस्थ होते, त्यांच्या टेबलावर ह्या गाण्यांच्या जुन्या कॅसेट होत्या, एका चॉकलेटच्या डब्यात, पाठीवर बारीक अक्षरात हाताने नावं लिहिलेल्या. मी अगदी माझ्या विद्यार्थ्यासारखंच विचारलं, ८२ च्या उन्हाळ्यात तुम्ही हे ऐकत समुद्रावर जायचा का? ते हसले. म्हणाले, समुद्रावर त्या वर्षी दोनदा गेलो. ऐकायचो ट्रेनमध्ये, सकाळी सात वाजता, माणसाच्या पाठीला नाक लावून. गाडी होती का? नाही. मग म्हणाले, तिथे नव्हतो म्हणून तर ऐकायचो.

मला हे उत्तर फार आवडलं आणि सगळ्या भांडणाचा निकालही मला त्यातच दिसतो. माझ्या भावाचा आरोप असा की तू तिथे नव्हतास. अहो, ते तरी कुठे होते?

हा उन्हाळा बनवला कोणी हेही उघड गुपित आहे. यामाशिताचं 'राइड ऑन टाइम' १९८० साली गाजलं ते कॅसेटच्या जाहिरातीतून, त्यात तो स्वतः समुद्रात उभा आहे, शूटिंग सायपानचं. विमान कंपन्यांना ओकिनावाला प्रवासी न्यायचे होते, त्यासाठी १९७९ ला एका कंपनीने त्याचं गाणं घेतलं, १९८३ ला दुसरीने. सेइको मात्सुदाचं 'आओइ सांगोश्यो', निळं प्रवाळ बेट, १ जुलै १९८०, आइस्क्रीमच्या जाहिरातीचं गाणं. तिचं त्याआधीचं पहिलं गाणं तर खळीच्या नावाच्या एका फेसवॉशच्या जाहिरातीसाठी होतं आणि तिच्या गालाला खळीच पडत नव्हती, त्यामुळे आवाज तिचा आणि पडद्यावर चेहरा दुसरीचा! आणि ओकिनावा म्हणाल तर १९७२ पर्यंत तिथे अमेरिकेची सत्ता, डॉलर चालायचे, १९७८ च्या ३० जुलैपर्यंत गाड्या उजवीकडून धावायच्या, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी ते 'आपलं' उन्हाचं बेट म्हणून पोस्टरवर. अमेरिकेचे लष्करी तळ तिथेच होते, फक्त पोस्टरमध्ये नव्हते.

इथे भाऊ म्हणेल बघ, मी म्हणत होतो ना कंपन्या विकतात. विकतातच. पण जाहिरातीसाठी केलेली हजार गाणी मेली आणि ही जगली ती का, ह्याचं उत्तर जाहिरातीत नाहीये. आइस्क्रीम कुठलं होतं ते आज कितीजण सांगतील? जून २०२४ मध्ये तोक्यो डोममध्ये न्यूजीन्सच्या हान्नीने 'आओइ सांगोश्यो' गायलं, ही मुलगी २००४ सालची, ऑस्ट्रेलियात वाढलेली, व्हिएतनामी आईवडिलांची, गाते कोरियन ग्रुपमध्ये, गाणं तिच्याहून चोवीस वर्षांनी मोठं, आणि अख्खा डोम वेडा झाला. तिची कसली आठवण? तिच्या कुठल्याच आजोळी ते बेट नाही. तरी त्या तीन मिनिटांत काहीतरी खरं होतं, तुम्ही व्हिडिओ बघा आणि मग ठरवा.

जपानीत आठवणीने जीव कासावीस होण्याला 'नात्सुकाशीइ' म्हणतात. ऐकायला त्यात नात्सु, म्हणजे उन्हाळा, असल्यासारखा वाटतो आणि माझे विद्यार्थी दरवर्षी हा शोध नव्याने लावतात, पण तसं काही नाही. तो शब्द आलाय 'नात्सुकु'वरून, आणि त्याला मराठीत अगदी चपखल शब्द आहे: लळा लागणे. मांजराला माणसाचा लागतो तसा. लळा लागायला जन्म तिथेच झालेला असावा लागत नाही. म्हणून मला 'उसनी आठवण' हा टोमणा पटत नाही, आठवण उसनी असू शकते, लळा कसा उसना असेल?

पण मग पहिल्या पक्षाला, म्हणजे 'तो सोन्याचा काळ होता' म्हणणाऱ्यांना, मी सोडणार नाहीये, कारण तिथे प्रकरण नुसतं गोड राहत नाही. 'बबल काळातली', म्हणजे शेअर आणि जमिनींच्या किमती फुग्यासारख्या फुगल्या त्या काळातली, गाणी असं सर्रास म्हणतात. कसला बबल? येन महाग करणारा प्लाझा करार, जिथून ह्या फुग्याची सुरुवात धरतात, तो सप्टेंबर १९८५ चा, शेअर बाजाराचा तो प्रसिद्ध ३८,९१५ चा आकडा २९ डिसेंबर १९८९ चा. 'लाँग व्हेकेशन' ८१, 'फॉर यू' ८२. म्हणजे पैशाचा पूर यायच्या कितीतरी आधी ही गाणी होऊन गेली होती. मान्य आहे, बेकारी दोनेक टक्के होती, पगार वाढत होते, माणसाला उद्या आजच्यापेक्षा बरा असेल असं वाटायचं, ही काही छोटी गोष्ट नाही आणि आज पंचविशीतल्या कुठल्याही देशातल्या मुलाला त्याचा हेवा वाटणारच. तो हेवा मी चूक म्हणत नाही. पण मग पगाराचा हेवा करा, घराच्या किमतीचा करा, सरळ बोला. गाण्याला साक्षीदार म्हणून उभं करू नका, कारण त्या गाण्यांना उलटतपासणीत विचाराल तर ती तुमच्या विरुद्धच बोलतील.

हवामानाचंच बघा की. १९८०, जेव्हा सेइको निळ्या बेटावर वाऱ्यात धावत होती, ते साल जपानमध्ये थंड उन्हाळ्याचं म्हणून नोंदलेलं आहे, भाताचं पीक झोपलं. आणि त्याहून वरताण १९९३. ट्यूब नावाचा बँड आहे, ह्यांचा धंदाच उन्हाळा, वर्षानुवर्षं फक्त उन्हाळ्याची गाणी, तर त्या वर्षीचं त्यांचं हिट गाणं होतं 'उन्हाळ्याची वाट बघवत नाही' अशा अर्थाचं. आणि त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही! फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीच्या स्फोटानंतरचं ते साल, हवामान खात्याने पावसाळा संपल्याचं जाहीर केलं आणि नंतर ते मागे घेतलं, भात एवढा बुडाला की थायलंडहून तांदूळ आणावा लागला आणि लोक त्याच्या वासावरून कुरकुरत राहिले. टीव्हीवर ऊन, खिडकीबाहेर रिपरिप. जगातलं सगळ्यात प्रामाणिक उन्हाळी गाणं मी त्यालाच म्हणेन.

योसुई इनोउएचं 'श्योनेन जिदाई' तर कळस. बालपण, उन्हाळा, संपलेली सुट्टी, जपानमध्ये हे गाणं न येणारा माणूस सापडणं कठीण. आलं कधी? २१ सप्टेंबर १९९०, सुट्टी संपून तीन आठवडे झाल्यावर. आणि त्यात सुरुवातीलाच एक फूल येतं, 'काझे-आझामी', वाऱ्याचं काटेरी फूल म्हणू. लोक हे फूल शोधतात. ते अस्तित्वात नाही, इनोउएने तो शब्द स्वतः बनवलाय. अख्ख्या देशाला जे बालपण आठवतं त्याच्या दारात असं फूल आहे जे कधी कुठे उगवलंच नाही, आणि तरी प्रत्येकाला ते बघितल्यासारखं वाटतं.

अजून एक गोष्ट आहे जी बाहेरून ऐकणाऱ्यांना कळत नाही आणि मलाही तिथे राहीपर्यंत कळली नव्हती. जपानचा उन्हाळा हा मेलेल्यांचाही महिना आहे. ६ ऑगस्ट हिरोशिमा, ९ ऑगस्ट नागासाकी, १५ ऑगस्ट युद्धाचा शेवट. मध्येच ओबोन, पितर घरी येतात, दिवे लावून परत पाठवायचे, आपल्या पितृपक्षासारखं पण नाचगाण्यासह. नागाओका शहरात १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री साडेदहाला बॉम्ब पडायला सुरुवात झाली, चौदाशेच्या वर माणसं गेली. आजही दरवर्षी त्याच तारखेला त्याच वेळेला तिथे पांढरे, फक्त पांढरे फटाके उडवतात, शेवंतीच्या नावाचे, आणि मोठा उत्सव दुसऱ्या दिवसापासून. मी गेले होते तेव्हा माझ्या शेजारच्या आजी पांढरा फटाका फुटला की हात जोडत होत्या आणि दुसऱ्या दिवशी रंगीत फुटल्यावर त्याच आजी टाळ्या वाजवत होत्या, हातात तीच पिशवी, गुडघ्यावर तोच टॉवेल. 'शिमा-उता' नावाचं गाणं आहे नव्वदच्या सुरुवातीचं, ओकिनावाचं बेट, लाटा, वारा, ऐकायला निव्वळ सुट्टीचं. काझुफुमी मियाझावाने ते लिहिलं ओकिनावाच्या लढाईत गेलेल्यांसाठी, तिथलं हिमेयुरी म्युझियम बघून आल्यावर. तो माणूस यामानाशीचा, ज्या प्रांताला समुद्रच नाही. आणि सदर्न ऑल स्टार्सचं 'त्सुनामी', २६ जानेवारी २००० ला आलेलं प्रेमगीत, तीस लाखांच्या जवळपास विकलेलं, ते ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर बँडने स्टेजवर गाणं थांबवलं. नुसत्या नावामुळे. कुठल्या देशात उन्हाळी गाणी इतका भार घेऊन फिरतात मला माहीत नाही.

ह्याच सदर्नचा गायक केइसुके कुवाता चिगासाकी ह्या समुद्रकाठच्या गावचा. १९७८ च्या त्यांच्या पहिल्याच गाण्याच्या पहिल्या ओळीत चिगासाकी आणि तिथली वाळू आहे. गावानेही मग बीचला बँडचं नाव दिलं, २०१४ पासून स्टेशनवर गाडी सुटताना त्यांच्याच गाण्याची धून वाजते. मी तिथे गेले २०१८ च्या जुलैत. दरवाजे उघडले, धून वाजली, मी फोन काढून रेकॉर्ड करायला लागले आणि एवढ्यात घामाने फोनला बोटच लागेना. बीचवर इंग्रजी सीच्या आकाराचं ते स्मारक आहे, त्यातून लांबवर एबोशी-इवा खडक दिसतो, फोटोला रांग असते म्हणून ऐकलं होतं. दुपारी दोन वाजता रांगेत मी एकटी. म्युनिसिपालिटीच्या भोंग्यातून बाई सांगत होती, उष्माघाताचा धोका आहे, बाहेर पडणं टाळा, पाणी प्या. त्याच आठवड्यात २३ जुलैला कुमागायात ४१.१ अंश झालं आणि हवामान खात्याने ह्या उन्हाळ्याला आपत्ती म्हणा असं सांगितलं.

विदर्भातले लोक इथे हसतील, ४१ म्हणजे आमच्याकडे थंडावा. पण तो कोरडा, हा भिजलेल्या ब्लँकेटमध्ये गुंडाळल्यासारखा, घाम वाळतच नाही. आणि ते सालही आता मागे पडलं. ५ ऑगस्ट २०२५, इसेसाकी, ४१.८. तो उन्हाळा सरासरीपेक्षा २.३६ अंशांनी वर, १८९८ पासूनच्या नोंदींमध्ये सगळ्यात गरम, आणि त्याआधीची दोन वर्षंही आपापल्या वेळचे उच्चांकच होते. कोशिएनची शाळकरी बेसबॉल स्पर्धा, जिच्यात ऊन हाच हिरो असायचा, तिथे २०२४ पासून काही दिवस दुपार सोडून सकाळ-संध्याकाळ मॅच घेतात.

म्हणजे उन्हाळा हवासा वाटणं, वाट बघण्यासारखा वाटणं, हे जे त्या गाण्यांत गायक आणि ऐकणारा दोघांनी न बोलता धरलेलं होतं, ते गेलं. बाकी सगळं आधीपासूनच नव्हतं, ना सुट्टी होती, ना गाडी, ना ते फूल. ट्रेनमध्ये पाठीला नाक लावून उभ्या असलेल्या माणसाकडे एवढं तरी होतं की कधीतरी एका रविवारी बाहेर पडावं आणि ऊन अंगावर घ्यावं. ह्या एका बाबतीत 'तेव्हाचं बरं होतं' हे मी मान्य करते, आणि ह्याच बाबतीत ते कोणी म्हणत नाही, कारण गाणं ऐकताना एसी चालू असतो.

माझी एक मैत्रीण डोंबिवलीची, आता तोक्योत निशी-कासाईला असते, मुलगा तिथल्या साध्या म्युनिसिपल शाळेत तिसरीत. तिथे शाळेत पूल असतो आणि पोहण्याच्या दिवशी मुलाने 'पूल कार्ड' न्यायचं असतं, त्यात घरी घेतलेलं ताप-टेंपरेचर लिहायचं आणि आईवडिलांनी शिक्का मारायचा, शिक्का नाही तर पाण्यात उतरायचं नाही, तिथे ते फार कडक असतात. त्यासाठी तिने आडनावाचा काताकाना लिपीतला हांको, म्हणजे शिक्का, बनवून घेतलाय. मागच्या जुलैत तिने मला त्या कार्डाचा फोटो पाठवला. सात ओळी. प्रत्येक ओळीत ३६.४, ३६.५, ३६.३, पुढे तिचा लाल शिक्का, एक जरा तिरका. आणि शेवटच्या रकान्यात बाईंच्या अक्षरात सातही वेळा एकच शब्द, 'चूशी', रद्द. पाणी फार गरम झालंय म्हणे, काठावरची फरशीही भाजते. मी विचारलं मग तू रोज शिक्का कशाला मारतेस, तर म्हणाली, तो रोज सकाळी टॉवेल भरून तयार असतो गं.